सेर्दाचे चौक

बार्सिलोनाला गेलेला पर्यटक गाउदीच्या इमारती पाहतो आणि रात्री अनेकदा एशाम्प्ला भागातल्या भाड्याच्या सदनिकेत मुक्काम करतो. हा सारा भागच एका सामाजिक स्वप्नातून उभा राहिला, याकडे मात्र त्याचे फारसे लक्ष जात नाही. १८५४ मध्ये तटबंदी पाडण्याची परवानगी मिळेपर्यंत हे शहर भिंतींआड कोंडले होते; दाटी, दमट खोल्या, पटकीच्या साथी. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने कामगारांची घरे, मजुरी आणि मृत्युमान यांची पाहणी केली. १८५९ च्या आराखड्यात त्याने छाटलेल्या कोपऱ्यांचे सारखे चौक आखले. चौकाच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग, म्हणजे ऊन-वारा श्रीमंत-गरीब सर्वांना सारखा. (पुढे जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या आणि बहुतेक बागा गिळल्या, हे ओघाने आलेच.)

१९९२ च्या ऑलिंपिकनंतर पर्यटकांचा लोंढा वाढला, घरभाडी चढत गेली. जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कुल्बोनी यांनी दहा हजारांवर पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू न ठेवण्याचे जाहीर केले. या निर्णयाला पर्यटनविरोधी म्हणणे मला पटत नाही. घर राहण्यासाठी की कमाईसाठी, हा वाद तिथे सेर्दाच्याच काळापासून चालत आला आहे, आणि तेव्हा तो जमीनमालकांनी जिंकला होता.