एकशेवीस-साठ-चाळीसची कुळकथा

बागायती गव्हाला खत किती, असं कृषी सहायकाला विचारा, उत्तर तोंडपाठ असतं: हेक्टरी एकशेवीस-साठ-चाळीस. नत्र, स्फुरद, पालाश. नत्र अर्धं पेरताना, अर्धं तीन आठवड्यांनी. म्हणजे वापशावर फोकायचा तो दुसरा हप्ता एकरी एका गोणीहून थोडा जास्त युरिया. अशा आकड्यामागे ठिकठिकाणचे प्रयोग एकत्र मांडलेले असतात. ही रीत आली कुठून?

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये तिथे गव्हावर प्रयोग मांडला, तो आजही चालू आहे. एका पट्ट्याला शेणखत, एकाला काहीच नाही, इतरांना मापून खतं. या चिकाटीपुढे मी मनापासून हात जोडतो. पण ब्रॉडबाल्क सांगणार ते ब्रॉडबाल्कचं. दुसऱ्या मातीत तेच नत्र किती पिकवेल, हे त्याला कसं ठाऊक असणार? 1919 मध्ये रोथॅमस्टेडला आलेल्या फिशर यांनी प्रयोगातली चूक मोजायला शिकवलं. 1938 मध्ये येट्स आणि कॉक्रन यांनी अनेक प्रयोगांचा हिशेब एकत्र कसा करायचा ते लिहिलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. जहाजं बुडत होती, धान्य घरचं हवं होतं आणि खत मोजकं होतं. क्राउथर आणि येट्स यांनी 1900 पासूनचे ब्रिटनमधले आणि उत्तर युरोपातले खतप्रयोग गोळा करून 1941 मध्ये त्यांचा एकत्र हिशेब छापला. एकेकट्या शेताचे आकडे वेडेवाकडे असतात. कुठे पाऊस, कुठे तांबेरा. शेकडो शेतं एकत्र आली की रेघ सरळ बोलू लागते: नत्राचे पहिले किलो भरपूर दाणा देतात, पुढचे कमी, त्यापुढचे नावापुरते. शेवटच्या किलोचा दाणा त्या किलोची किंमत जेमतेम फेडतो, तिथे थांबायचं. टंचाईत मात्र हिशेब देशाचा: खत अशा पिकाला आधी, जिथे पुढचा किलो जास्त देईल.

ही रीत लवकरच आपल्याकडे आली. 1953 मध्ये येट्स, फिनी आणि आपले व्ही. जी. पानसे यांनी भारतातल्या अन्नधान्यांवरच्या खतप्रयोगांचा असाच मेळ घातला. पुढच्याच वर्षी पानसे आणि साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांचं शेतीच्या सांख्यिकीवरचं पुस्तक आलं. त्याच दशकात साधे खतप्रयोग शेतकऱ्यांच्या वावरात होऊ लागले. मला हे पाऊल सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण संशोधन केंद्राची वर्षानुवर्षं जोपासलेली जमीन आणि शेतकऱ्याची कसदार-नापीक जमीन एक नव्हे.

सरासरीत कुणाचं तरी वावर हरवतंच. त्यावर 1967 पासून मृदाशास्त्रज्ञ राममूर्ती यांच्या पद्धतीने काम सुरू झालं: एकाच शेतात आधी कमी-जास्त सुपीकतेचे पट्टे तयार करायचे, मग त्यांवर पीक घेऊन माती, खत आणि उत्पादन यांचं नातं काढायचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात हे काम चालतं. तिथल्या समीकरणात हवं ते उत्पादन घालायचं, माती परीक्षणातलं नत्र वजा करायचं. शेजारशेजारच्या दोन गटांचा आकडा वेगळा येतो.