शहाणे मूल : सोव्हिएत राजवटीतील बालपण आणि एस्टोनियाचा चित्रपट

२५ मार्च १९४९ रोजी पहाटे एस्टोनियाच्या खेड्यापाड्यांतील दारे ठोठावली गेली. पुढच्या काही दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसे मालगाडीच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे रवाना करण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. खाजगी शेती मोडून सामुदायिक शेती उभी करायची होती आणि शेतकरी तयार होत नव्हते. या हद्दपारीनंतर महिनाभरातच निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे सामुदायिक शेतीत दाखल झाली. जे काम प्रचाराने झाले नाही, ते भयाने झाले.

बाल्टिक समुद्राकाठचा हा देश आजही जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीचा आहे. १९४० साली सोव्हिएत संघाने तो गिळंकृत केला. मध्ये तीन वर्षे जर्मन आले आणि गेले. पुन्हा सोव्हिएत अंमल आला, तो १९९१ पर्यंत टिकला. या काळात वाढलेल्या मुलांना दोन प्रकारचे शहाणपण शिकावे लागले. शाळेत काय बोलायचे आणि घरातले काय बाहेर बोलायचे नाही! नाताळ शाळेतून हद्दपार झाला आणि त्याचे झाड नववर्षाचे झाड म्हणून उभे राहिले. घरोघरी मात्र पडदे ओढून मेणबत्त्या पेटतच राहिल्या.

हे सारे पडद्यावर यायला फार वेळ लागला. त्या राजवटीत ‘तालिनफिल्म’ हा सरकारी स्टुडिओ होता आणि पटकथेला मॉस्कोची संमती लागे. तरीही १९६९ साली आर्वो क्रूसेमेंट यांनी ‘केवादे’, म्हणजे ‘वसंत’, हा चित्रपट काढला. ऑस्कर लुत्स यांच्या जुन्या कादंबरीवरील ही कथा एका धर्मग्रामाच्या शाळेतील मुलांच्या खोड्यांची, रुसव्याफुगव्यांची आणि पहिल्या प्रेमाची आहे. काळ झारच्या अमदानीतला, त्यामुळे कोणाला आक्षेप घेता आला नाही. त्यात राजवटीविरुद्ध एक शब्द नाही. पण तिच्या बाजूनेही नाही. माझ्या मते त्याच्या अफाट लोकप्रियतेचे रहस्य या मौनातच आहे. लाल रुमाल न बांधलेले बालपण लोकांना पडद्यावर दिसले. पुढे २००२ साली समीक्षकांनी दिलेल्या कौलात हाच चित्रपट पहिला ठरला.

वर्तमानाकडे थेट पाहण्याचे धाडस लेइदा लाइउस आणि आर्वो इहो यांनी १९८५ साली केले. त्यांच्या ‘नाएराता ओमेती’ (‘अगं, हस ना’) या चित्रपटात सरकारी बालगृहातील मुले आहेत. समाजवादात दुःखी मूल नसते, ही अधिकृत समजूत. या चित्रपटातील मारी ही मुलगी हसत नाही, एवढ्यानेच ती समजूत खोटी पडते.

स्वातंत्र्यानंतर जिभा मोकळ्या झाल्या. यातला एक प्रकार विनोदाचा. याक किल्मी यांच्या ‘डिस्को आणि अणुयुद्ध’ (२००९) या माहितीपटात तालिनची मुले छपरावरच्या अँटेनातून फिनलंडचा दूरदर्शन पाहतात. हेलसिंकी आखातापलीकडे सुमारे ऐंशी किलोमीटरवर. भाषा बहिणीची, म्हणून समजायला अवघड नाही. ज्या नातलगांच्या गावी हे प्रक्षेपण पोहोचत नाही, त्यांना अमेरिकन मालिकेतील भानगडी पत्राने कळवल्या जातात! हा चित्रपट हसवतो. मात्र ज्यांचे आईबाप १९४९ साली गेले त्यांना तो किती हसवेल, ही शंका राहते.

मार्ती हेल्दे यांचा ‘रिस्तूलेस’ (२०१४) अगदी दुसऱ्या टोकाचा. १४ जून १९४१ च्या पहिल्या हद्दपारीत सुमारे दहा हजार माणसे नेली गेली. स्थानकांवर पुरुषांना वेगळे काढून छळछावण्यांत धाडण्यात आले. एर्ना आणि तिची लहान मुलगी सायबेरियात, नवरा कोठे ते ठाऊक नाही. ती त्याला पत्रे लिहीत राहते. या कृष्णधवल चित्रपटात बहुतेक दृश्यांत माणसे पुतळ्यासारखी स्तब्ध उभी असतात आणि कॅमेरा त्यांच्यामधून हळूहळू फिरतो. चलचित्रातले चलन काढून घेतल्यावर उरते ते थिजलेले आयुष्य.

तरीही या साऱ्यांत माझ्या मनात अधिक घर केले ते मोनिका सीमेत्स यांच्या ‘सेल्त्सिमेस लाप्स’ (२०१८) या चित्रपटाने. शब्दशः अर्थ ‘कॉम्रेड मूल’. कवयित्री आणि बालसाहित्यिक लेलो टुंगाल यांच्या आत्मकथनावर तो आधारला आहे. आई शाळेची मुख्याध्यापिका. काळ्या कोटांतील माणसे येतात आणि तिला घेऊन जातात. सहा वर्षांच्या लेलोला वाटते, आपण शहाण्यासारखे वागलो तर आई परत येईल. प्रत्यक्षात लेखिकेचा जन्म १९४७ चा, म्हणजे त्या वेळी ती याहूनही लहान होती. पण वय वाढवणे मला योग्य वाटते. सहा वर्षांचे मूल स्वतःला दोषी धरू शकते.

आणि ‘शहाणे’ म्हणजे काय, हाच तर पेच आहे. राजवटीच्या दृष्टीने शहाणे मूल म्हणजे पायोनियरांची गाणी गाणारे. लेलोला ती गाणी मनापासून आवडतात, तिलाही पायोनियर व्हायचे आहे. बापाच्या दृष्टीने शहाणे मूल म्हणजे गप्प बसणारे. ती दोन्हीकडे शहाणी व्हायला धडपडते आणि ज्या व्यवस्थेने आई हिरावली तिच्याच गाण्यांत रमते. दिग्दर्शिकेने येथे मुलीला हसे होऊ दिले नाही की शहीदही केले नाही. मोठ्यांची कुजबुज तिला अर्धीच कळते आणि प्रेक्षकाला पूर्ण. छळाचे एकही दृश्य न दाखवता ही अर्धवट समज जे सांगून जाते, ते ‘रिस्तूलेस’च्या भव्य स्तब्धतेलाही जमलेले नाही.

टुंगाल यांची ही आठवण २००८ साली प्रथम पुस्तकरूपाने आली, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही सतरा वर्षांनी. तोवर त्या मुलांसाठीही लिहीत होत्या. १९९४ साली निघालेल्या एका बालमासिकाचे संपादन त्यांनी केले. त्याचे नाव ‘हेआ लाप्स’, म्हणजे ‘शहाणे मूल’.