विमानातील संदेशांचे वेळापत्रक

विमानाचा वेग, उंची, इंधनाचा साठा अशी माहिती विमानातील संगणकांमध्ये सतत फिरत असते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या आणि आजही वापरात असलेल्या 'एरिंक ४२९' पद्धतीत एका तारजोडीवर एकच उपकरण माहिती पाठवते. वेग सेकंदाला जास्तीत जास्त एक लाख बिट. पण वाटेत दुसरे कोणी नसल्याने संदेश केव्हा पोहोचेल, हे नेमके सांगता येते. उपकरणे वाढली, तसे तारांचे वजनही वाढत गेले.

'एअरबस'ने २००५ मध्ये प्रथम उड्डाण केलेल्या ए-३८० विमानासाठी इथरनेटवर आधारित 'एएफडीएक्स' हे जाळे विकसित केले. त्याचा वेग सेकंदाला दहा कोटी बिट. बोइंग ७८७ मध्येही याच प्रकारचे जाळे आहे. येथे अनेक उपकरणांचे संदेश एकाच तारेतून जातात आणि स्विचपाशी त्यांची रांग लागते. कार्यालयात अशा रांगेमुळे ई-मेलला विलंब होतो, एवढेच. विमानात मात्र उशिरा आलेला आकडा चुकीच्या आकड्याइतकाच घातक ठरू शकतो.

म्हणून प्रत्येक संदेशप्रवाहाला एक 'आभासी मार्ग' नेमून दिलेला असतो. संदेशाची कमाल लांबी आणि दोन संदेशांमधील किमान अंतर (१ ते १२८ मिलिसेकंद) आधीच ठरते. १५१८ बाइटचा संदेश तारेवरून पाठवण्यास सुमारे ०.१२ मिलिसेकंद लागतात. असे दहा संदेश एकाच क्षणी एका तारेसाठी आले, तर शेवटच्याला सुमारे १.१ मिलिसेकंद थांबावे लागते. पुढच्या स्विचपाशी पुन्हा तोच प्रकार.

सरासरी विलंब येथे उपयोगाचा नाही. संगणकावर लाखो वेळा आभासी चाचणी घेतली, तरी सर्वांत वाईट योगायोग निसटू शकतो. त्यासाठी 'नेटवर्क कॅल्क्युलस' ही गणिती पद्धत वापरतात. रेने क्रूझ यांनी १९९१ मध्ये तिचा पाया घातला. विलंब कोणत्या मर्यादेपलीकडे जाणारच नाही, हे ती सिद्ध करते. ही मर्यादा प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त निघते आणि जाळ्याची काही क्षमता पडून राहते. पण खात्रीसाठी ती किंमत मोजली जाते.

जाळे हा विलंबाचा केवळ एक भाग होय. एखादा संगणक दर ४० मिलिसेकंदांनी माहिती वाचत असेल आणि संदेश वाचनानंतर लगेच पोहोचला, तर तो जवळजवळ तितकाच वेळ पडून राहतो. त्यामुळे संवेदक, संगणक, जाळे आणि पडदा अशा संपूर्ण साखळीचे प्रारूप आराखड्याच्या टप्प्यावरच तयार करावे लागते. अमेरिकेतील 'एसएई' संस्थेने २००४ मध्ये प्रमाणित केलेली 'एएडीएल' ही भाषा याच कामासाठी आहे. कागदावर एखादे काम दुसऱ्या संगणकाकडे सोपवणे सोपे असते. यंत्रणा बसवल्यावर तोच बदल करायचा, तर जुळणी आणि चाचण्या नव्याने कराव्या लागतात.

प्रारूपातील गृहीतके उड्डाणातही टिकावीत, याची काळजी स्विच घेतो. बिघडलेले उपकरण ठरल्यापेक्षा जास्त संदेश पाठवू लागले, तर तो जादा संदेश टाकून देतो. त्यामुळे इतरांची रांग वाढत नाही आणि आराखड्यात सिद्ध केलेली मर्यादा आकाशातही पाळली जाते.