इयत्ता कितवी?

म्हसावदच्या थांब्यावर शहाद्याच्या गाडीची वाट बघत बसलं, की पाठीवर दप्तर असलेल्या पोराला शेजारचा म्हातारा हटकून विचारणार, ‘‘कितवी यत्ता रे?’’ नाव-गाव नंतर. पोरगं ‘तिसरी’ म्हणतं आणि म्हाताऱ्याचं समाधान होतं.

हा ‘यत्ता’ बोलण्यात इतका रुळलाय, की तो शुद्ध संस्कृत आहे हे ध्यानात येत नाही. ‘इयत्’ म्हणजे एवढं. त्याला ‘ता’ लागला की इयत्ता, म्हणजे एवढेपणा. मोजमाप, मर्यादा. ‘रघुवंशा’च्या दहाव्या सर्गात देव विष्णूची स्तुती करतात. बोलता बोलता वाणी थांबते, ती दमल्यामुळे किंवा तिची ताकद अपुरी पडल्यामुळे, त्याच्या गुणांना इयत्ता आहे म्हणून नव्हे, अशा अर्थाची तिथे ओळ आहे. गुण आणि इयत्ता हे दोन्ही शब्द कालिदासाकडे शेजारी-शेजारी बसलेत. आपल्या प्रगतिपुस्तकातही ते एकाच पानावर असतात. वर इयत्ता, खाली गुण. फरक इतकाच, की आपल्याकडे गुणांना इयत्ता असते. शंभरपैकी.

‘वर्ग’ही तसा निरुपद्रवी नाही. वर्ज्य ज्या ‘वृज्’ धातूतून आला, त्यातलाच हा. बाजूला काढणं, वेगळं करणं हा त्याचा मूळ अर्थ. सारखे सारखे एकत्र, बाकीचे बाहेर. क-वर्गात हे शोभतं, क आणि ङ एकाच जागी उच्चारले जातात. पण एका जूनमध्ये शाळेत आलेली तीस पोरं एकाच जागी उच्चारली जातात, हे कुणी ठरवलं?

जुन्या बोलीत हुशारी मोजायला दुसराच शब्द होता: एकपाठी. एकदा ऐकलं की पाठ. दोनदा लागलं तर द्विपाठी. पाठांतराच्या जमान्यातला शब्द आहे, त्यामुळे त्यात समज किती, हा प्रश्न उरतोच. तरी मला तो आवडतो, कारण तो पोराची उंची मोजत नाही, वेग मोजतो. एकपाठी पोराला तोच पाठ दहा वेळा ऐकायला लावला, तर उरलेल्या नऊ वेळा ते काय करतं? खिडकीबाहेर बघतं, शेजाऱ्याला चिमटे काढतं आणि ‘व्रात्य’ ठरतं.

पंतोजींच्या शाळेत निदान हा घोळ नव्हता. तिथे यत्ता नव्हत्या. पोरगं धुळाक्षरावर बसायचं, ज्याचं त्याचं अक्षर बघून पंतोजी त्याला पुढचा कित्ता घालून द्यायचे. ‘कित्ता’ अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ तुकडा. ज्याला जेवढा पेलेल तेवढा तुकडा. आज ‘वैयक्तिक अध्यापन’ असं जडशीळ नाव ज्याला देतात, ते या तुकड्यात होतं. अर्थात पंतोजींची छडीही होती आणि तिथे बसायला मिळायचं मूठभर जातींच्या मुलग्यांना, तेव्हा गळा काढायचं कारण नाही. शिवाय शेवटी कित्ता गिरवायचाच असतो. वळण दुसऱ्याचं, हात आपला.

खरं नुकसान केलं ते एका देखण्या शब्दानं. तैलबुद्धी. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब आपोआप पसरतो, तशी प्राज्ञाच्या ठायी विद्या पसरते, असं एक सुभाषित आहे. त्यातलं ‘आपोआप’ आपण फार मनावर घेतलं. हुशार आहे ना, मग शिकेल आपलं आपण! गुरुजींचं लक्ष ‘ढ’ पोरांकडे, पहिल्या बाकावरचं पोर वाऱ्यावर. तेल पसरायला आधी पाणी लागतं, हे शब्दात होतं, आपण वाचलं नाही.

महाराष्ट्रात ते वाचणारे थोडे निघाले. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ साली तिची प्रशाला. बुद्धिमत्तेचं मापन करून मुलं निवडायची आणि मग त्या मुलांना साजेसं शिकवायचं. ‘प्रबोधिनी’ म्हणजे जागं करणारी. तेल आपोआप पसरतं यावर विश्वास असता, तर हे नाव सुचलंच नसतं. सरकारनंही ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी विद्यानिकेतनं काढली, त्यांतलं एक धुळ्याला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. तोवर म्हसावद धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणजे हे ‘निकेतन’ आपल्याच जिल्ह्यातलं. निकेतन म्हणजे घर. त्या घरी जायचं तर आधी आपलं घर सोडावं लागे, एवढंच.

आणि त्याआधी कुणाच्या तरी नजरेत भरावं लागे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पोरगं घरी भिली किंवा पावरी बोलतं, बाजारात गुजरी-अहिराणी ऐकतं आणि शाळेत पुस्तकी मराठीपुढे गप्प होतं. त्या गप्प बसण्याला ‘ढ’ म्हणणं सोपं. तीन-चार भाषा कानावर पेलणाऱ्या पोराला!

गंमत अशी, की यत्तेची भिंत सगळ्यात पातळ आहे ती इथूनच वर, तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यांवर. दोन शिक्षक, चार यत्ता, कधी एकच खोली. शिक्षण खातं याला अडचण म्हणतं, आणि ती आहेच. पण चौथीचा भागाकार फळ्यावर चाललेला असताना दुसरीतलं पोर आपली पाटी खाली ठेवून तिकडे बघू शकतं. चौथीवाले अडखळले की ते ओठांतल्या ओठांत बाकी सांगून टाकतं. गुरुजी मागे वळतात. मग कधी ‘तुझं तू कर’ म्हणतात, कधी खडू पुढे करतात. खडू मिळाला त्या दिवशी ते पोर चौथीचं. हजेरीपटावर मात्र दुसरीच, आणि म्हसावदच्या थांब्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, तर सांगेलही तेच.