मेंदूतील गाठीनंतर मुलांच्या हाताचे पुनर्वसन

मेंदूतील गाठीमुळे किंवा तिच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाचा हात दुबळा पडल्यास भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्या साहाय्याने तो पुन्हा कामात आणण्याची पद्धती. बालकर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठी आढळतात.

गाठ मोठ्या मेंदूच्या उजव्या भागात असेल, तर डावा हात लुळा पडतो. हालचालींचे बहुतेक तंतू मज्जारज्जूत शिरण्यापूर्वी बाजू बदलतात. लहान मेंदूला इजा झाली, तर त्याच बाजूच्या हातात जोर राहतो, पण नेम चुकतो. व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाने कधी दोन्ही हातांची पकड सैल होते. तिन्हींना एकच व्यायाम देणे व्यर्थ होय.

खरी अडचण पुढे येते. दुबळ्या हाताने काम साधत नाही असे दिसले की मूल तो वापरणेच सोडते आणि वापराअभावी हात आणखी मागे पडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांवरील प्रयोगांतून हे ओळखले. त्यातून निघालेल्या उपचारात चांगला हात मोज्यात किंवा हलक्या प्लास्टरमध्ये अडकवून दुबळ्या हाताला रोज काही तास खेळायला लावतात. मेंदूच्या गाठी झालेल्या मुलांवर हा उपचार मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात आजमावला गेला. मात्र असे अभ्यास थोड्याच मुलांवर झालेले असल्याने निष्कर्ष जपूनच घ्यावेत. तोल जाणाऱ्या मुलाचा सावरणारा हात बांधणे धोक्याचे असते.

केमोथेरपी संपण्याची वाट पाहत बसू नये. तोवर सांधे आखडतात. प्लेटलेट फार उतरल्या असतील, तर जोराचे व्यायाम मात्र थांबवतात. लुळ्या हाताला धरून मुलाला ओढून उठवू नये, खांदा निसटतो. चूक साधी, आणि घरोघरी होणारी.

अशा उपचारांच्या सोयी मोठ्या शहरांत असतात. मुंबईत परळला कर्करोगासाठीचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. त्याच्या शेजारच्याच केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराची शाळा काढली. भारतात या शास्त्राचे शिक्षण तेथून सुरू झाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची.

लोणावळ्याजवळच्या भुशीसारख्या गावातल्या कुटुंबाला या उपचारांसाठी घाट उतरून मुंबई गाठावी लागते किंवा लोकलने पुणे. रोजची खेप परवडणारी नसते. म्हणून थेरपिस्टने आईवडिलांना शिकवलेला घरचा कार्यक्रम हाच उपचाराचा कणा ठरतो : मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणे, बादलीत तांब्या बुडवणे. पावसाळ्यात भुशी धरणाच्या निसरड्या पायऱ्यांवर अशा मुलाला नेऊ नये.

लिहिता हातच दुबळा पडला असेल, तर दुसऱ्या हाताने लिहिणे शिकवतात. तेव्हाही दुबळ्या हाताला वही धरण्याचे काम द्यावे. परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ यांसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, ते वेळेत काढून ठेवावे.