माळमड्डीत येणारं मासिक

फेब्रुवारी १९३४. धारवाड स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही चालत माळमड्डीत आला आहात. सकाळच्या हवेत अजून गारवा आहे. रस्त्यावर कानडी, घरात मराठी आणि त्या मराठीच्या शेपटाला लागलेली धारवाडी ‘री’. “या री, बसा री. प्रवास कसा झाला?” तुम्ही पुण्याकडचे कोणी लांबचे पाहुणे आहात अशी घराची समजूत आहे. असू द्या. अट एकच : तुम्हाला जे माहीत आहे ते इथे बोलायचं नाही. पेनिसिलीन, कॉपर टी, सोनोग्राफी सगळं पोटात ठेवायचं आणि कान उघडे ठेवायचे.

घरातल्या माणसांना मी नावं दिलेली नाहीत, कारण ती मी कल्पिली आहेत. पण मुंबई इलाख्यात अशी घरं गल्लोगल्ली होती. यजमान मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या हुबळीच्या कारखान्यात कारकून आहेत. सकाळच्या गाडीनं हुबळी, दिवेलागणीला परत. वय तिशीच्या आत, मुलं तीन, आणि एक वर्षाचं होऊन गेलेलं. धाकटा भाऊ कर्नाटक कॉलेजात. म्हातारी आई. आणि वहिनी, ज्यांचा आवाज तुम्हाला आज फक्त भिंतीपलीकडून ऐकू येणार आहे.

तो ऐका. शेजारीण आली आहे. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, पाळी चार दिवस पुढे गेलीय, दिवस तर राहिले नसतील ना, गेल्या खेपेला रक्त किती गेलं होतं. दुखण्याबद्दल बायका मोकळेपणानं बोलतात, अगदी तपशीलवार. सुखाबद्दल एक अक्षर नाही. रात्रीचा विषय निघालाच तर ‘त्यांना नको म्हणता येत नाही’ एवढ्यावर संपतो. त्यांना स्वतःला हवंसं वाटतं की नाही, हा प्रश्न त्या स्वयंपाकघरात कोणी कधी कोणाला विचारलेला नाही.

यजमान मात्र एका मित्राकडून शास्त्र ऐकून आले आहेत. ते तुमच्या कानाशी लागून सांगतात : पाळीच्या आगेमागे धोका, मधले दिवस निर्धोक. तुम्ही ओठ दाबून धरता. हे अगदी उलटं आहे. पण हा मित्राचा अडाणीपणा नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत डॉक्टरांनी कुत्रीच्या माजाची आणि बाईच्या पाळीची गाठ घालून हेच पुस्तकांत छापलं होतं. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं, की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. ती बातमी माळमड्डीपर्यंत आलेली नाही. म्हणजे जी जोडपी पुस्तक वाचून संयम पाळत होती, ती नेमक्या धोक्याच्या दिवसांत एकत्र येत होती.

धाकट्याकडे वळा. खोलीत तो एकटाच बसला आहे, समोर उघडं वर्तमानपत्र. जाहिरातींचं पान. त्या काळच्या मराठी पत्रांत ही पानं दुथडी भरून वाहतात : धातुपौष्टिक पाक, वीर्यस्तंभक, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या. मजकूर आधी भीती घालतो आणि मग बाटली पुढे करतो. मुलाला पटलेलं आहे की रक्ताच्या कितीतरी थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, आपण तो लहानपणीच्या चाळ्यांत उधळला आणि आता आपण लग्नाच्या लायकीचे उरलो नाही. स्वप्नावस्था झाली की दुसऱ्या दिवशी त्याचे गुडघे खरोखर दुखतात. या दुखण्याला १९६० मध्ये डॉ. न. ना. विग ‘धात सिंड्रोम’ असं नाव देणार आहेत. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं, बाहेर पडतं ते जेमतेम चमचाभर, आणि त्यानं ताकद जात नाही. हे तुम्ही दोन वाक्यांत सांगू शकाल. पण अट आठवा.

तेवढ्यात पोस्टमन येतो.

कागदी पट्टीत गुंडाळलेलं मासिक यजमान झटकन केसरीच्या घडीत सारतात. तुम्ही पाहुणे, आणि पाहुणा पुण्याचा म्हणजे सुधारलेला असणार, म्हणून तुम्हाला ते दाखवलं जातं. ‘समाजस्वास्थ्य’. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्री. संपादक र. धों. कर्वे.

यजमान दबक्या आवाजात त्यांची माहिती देतात, तीत कौतुक आणि धास्ती निम्मीनिम्मी. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला शिकलेले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं होतं. १९२३ मध्ये संततिनियमनावर आणि गुप्तरोगांवर पुस्तकं लिहिली, १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून हे मासिक. स्वतःला मूल नको हे त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मिळून ठरवलेलं. “पण माणूस नास्तिक आहे,” यजमान म्हणतात आणि पान उलटतात.

अंक हातात घ्या आणि सावकाश चाळा. लिहिणारा गणिती आहे हे लगेच कळतं. विधान आलं की त्याची सिद्धता मागायची, ग्रंथात लिहिलंय म्हणून काही खरं मानायचं नाही, आणि उत्तर आलं की तिथे थांबायचं. भाषेला लाडिकपणा नाही की चोरटेपणाही नाही. सर्वात जिवंत भाग वाचकांच्या पत्रांचा. हस्तमैथुनानं वेड लागतं का? इंद्रियाचा आकार लहान आहे, बायको सुखी होईल का? मला पुरुषांचंच आकर्षण वाटतं, मी रोगी आहे का? लिहिणारे बहुतेक शिकलेले मध्यमवर्गीय पुरुष आहेत. बायकांची पत्रं थोडी, पण त्यांच्या बाजूनं संपादक स्वतःच बोलतात : कामसुख हा स्त्रीचाही तितकाच हक्क आहे, आणि नवऱ्यानं तिची तृप्ती हा आपला विषय मानला पाहिजे. हस्तमैथुनाबद्दल कर्व्यांचं उत्तर थोडक्यात असतं : अपाय होतो तो भीतीचा.

माझं मत विचाराल तर, कर्वे सगळीकडे बरोबर नव्हते. सुप्रजननाच्या त्या काळच्या फॅशनेबल विचाराला तेही भुलले होते. कोणी प्रजा निर्माण करावी आणि कोणी करू नये हे वरून ठरवण्याची भाषा त्यांच्याकडे आहे आणि ती आज टोचते. विरोधकांवर लिहिताना ते इतके खवचट होत, की अर्धवट पटलेला वाचकही बिथरावा. पण त्या धाकट्या मुलानं आज रात्री कंदिलाच्या उजेडात तो अंक वाचावा, एवढं मासिक तरी त्याच्या हाती पडू द्या. शेजारच्या घरात ग्रामोफोनवर ‘गांधारी हुबळी’ची तबकडी लागली आहे. विशीतल्या गंगूबाई हनगलांचा हा आवाज घराघरांत चालतो. त्या ज्या समाजातून आल्या त्यावरून मात्र त्यांना टोमणे ऐकावे लागतात. मुलगा एकच पान पुन्हा पुन्हा वाचतो आहे. मग कंदील बारीक करून झोपतो. त्याला निवांत झोप लागली हे तुम्हाला घोरण्यावरून कळतं.

सकाळी वाट जरा वाकडी करा. हुबळीहून दक्षिणेला जाणारी गाडी धरा. हावेरी गेलं, राणेबेन्नूर गेलं, की तुंगभद्रेचा पूल लागतो. अलीकडे ब्रिटिशांचा मुंबई इलाखा, पलीकडे हरिहर, म्हणजे म्हैसूर संस्थान. त्या संस्थानानं १९३० मध्येच सरकारी इस्पितळांत संततिनियमनाची केंद्रं उघडण्याचा हुकूम काढला आहे. सरकारनं असं करण्याची जगातली ही पहिली वेळ मानतात. नदीच्या दक्षिणेला राजाचे डॉक्टर जे शिकवायला बसणार, ते उत्तरेला छापणाऱ्या कर्व्यांना कोर्टात खेचलं जातं. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी शंभर रुपये दंड होऊन चुकला आहे. आता दुसरा खटला उभा आहे.

तेव्हा उलट्या दिशेनं निघा. लोंढा, बेळगाव, मिरज करत मीटर गेजची गाडी पुण्याला सोडते, तिथून बदलून मुंबई. खटला मासिकाच्या गुजराती अंकावरून आहे. आरोप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांच्या बाजूनं वकील उभे आहेत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. धारवाडच्या लोकांना ते परके नाहीत. १९२९ च्या सुमारास त्यांनी तिथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं, आणि ते बळवंतराव वराळे सांभाळत. पण या खटल्याशी त्यांच्या चळवळीचा काय संबंध, असं मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजतं. उत्तर त्यांच्या युक्तिवादातच आहे. मासिक लैंगिक विषयाला वाहिलेलं असेल तर वाचक त्याच विषयावरचे प्रश्न विचारणार आणि संपादकानं त्यांना उत्तर द्यायला हवं. प्रश्न विकृत वाटत असेल तर ती विकृती ज्ञानानंच जाईल, दुसरा उपाय कोणता? समलिंगी आकर्षणाच्या मुद्द्यावर ते हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतात. १९३४ साल आहे हे विसरू नका. हेच तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयात मान्य व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागणार आहे.

निकाल विरुद्ध जातो. दोनशे रुपये दंड. पुढचे अंक मात्र निघत राहतात.

यापुढचा प्रवास भरभर करू, कारण तो काहीसा कंटाळवाणा आहे. १९५२ : स्वतंत्र भारताचं सरकार कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतं. १४ ऑक्टोबर १९५३ : कर्वे जातात. नोव्हेंबरचा अंक निघतो आणि मासिक बंद पडतं. १ नोव्हेंबर १९५६ : धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात जातो. १९६८ : हुबळीत दुर्गदबैलच्या पानपट्टीवर थांबा. ‘निरोध’ कंडोम आला आहे, पंधरा पैशांना तीन. माळमड्डीतला तो धाकटा आता निवृत्तीला आला असेल. तो बिनदिक्कत पुडकं मागतो की नाही, ते तुम्हीच पाहा.

कर्वे तीन गोष्टी एका दमात मागत होते : रोगांपासून बचाव, नको असलेल्या गर्भापासून सुटका आणि दोघांनाही सुख. सरकारनं दुसरी उचलली, कारण तिच्यात लोकसंख्येचा आकडा होता. १९७५ ते ७७ मध्ये त्या आकड्यापायी सक्तीच्या नसबंद्याही झाल्या. पहिली गोष्ट एड्स आल्यावर नाइलाजानं उचलली. तिसरीला आजवर कुठल्याच खात्यात जागा मिळालेली नाही. ती सोडून दिली भिंतीवर जाहिराती रंगवणाऱ्यांसाठी. २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता आणि कर्नाटकही. सीमाप्रश्नावर ज्यांचं कधी जुळलं नाही, त्यांचं इथे जुळलं.

आता आजच्या हुबळीत उतरा. हा १५०७ मीटरचा, जगातला सर्वात लांब प्लॅटफॉर्म. चालून पाय दुखतील. बाहेर पडून रुळाच्या कडेच्या भिंती बघा : गुप्तरोग, शीघ्रपतन, नपुंसकता, अमुक लॉज, खोली नंबर अमुक. जामनगरच्या जाहिरातीचीच नातवंडं. आता अट सुटली आहे, बोला.

चाळिशी-पन्नाशीतल्या ज्या माणसाला ताठरता येत नाही, त्याला सांगा की लॉजवर न जाता आधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घे. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून हृदयविकाराची पहिली सूचना कधी कधी काही वर्षं आधी तिथेच मिळते. पाळी गेल्यावर कोरडेपणानं दुखतं म्हणून गप्प बसलेल्या वहिनींना सांगा की यावर वंगण आहे, योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आहे, आणि हे विचारलं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ हसणार नाहीत. नव्यानं लग्न झालेल्यांना सांगा की बहुतेक स्त्रियांना निव्वळ संभोगानं परमसुख मिळत नाही. शिश्निका नावाचा अवयव त्यासाठीच आहे, आणि बाहेर दिसतो त्याहून तो आत कितीतरी मोठा आहे. त्याची नीट रचना ऑस्ट्रेलियाच्या शल्यविशारद हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये मांडली. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर एकोणतीस वर्षांनी! आणि दोघांपैकी एकाची इच्छा नसेल तर तिथे थांबायचं, एवढं सांगायला तर कुठल्याच संशोधनाची गरज नव्हती.

हुबळीत किम्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी इस्पितळात, धारवाडच्या जिल्हा रुग्णालयात त्वचा आणि गुप्तरोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गाबद्दल विचारायला १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत. ज्याच्या पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक नाही, त्याच्याकडून पुडी घेऊ नका. आणि घरातलं कोणी दबक्या आवाजात काही विचारू लागलं, तर हसण्यावारी न नेता तुम्हाला माहीत असेल तेवढं नीट सांगा.