सोलापूरच्या माळावरील द्राक्षवेल

सोलापूर म्हटले की चादरी, आता मूक झालेल्या गिरण्या आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा एवढ्याच गोष्टी परगावच्या माणसास आठवतात. फार तर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी. फाल्गुनाच्या सुमारास आमच्या नवी पेठेत द्राक्षांनी भरलेल्या हातगाड्या येतात, तेव्हा हे फळ नाशिककडील असावे असेच पुष्कळ जण धरून चालतात. वस्तुतः त्यातील एका प्रसिद्ध वाणाचे माहेर आपल्या शहरालगत आहे. तो इतिहास नव्या पिढीस माहीत असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादची द्राक्षे पाहिली आणि तेथे वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद केली. त्याला नवल वाटले, कारण थंड मुलुखात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे तेवढी थंडी नसल्याने ती झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्राच्या बागाइतदाराने वर्षात दोन छाटण्या व एक पीक अशी आपली स्वतंत्र रीत बसविली.

१९६० च्या दशकात महाराष्ट्रात थॉमसन हे बिनबियांचे वाण रुजू लागले. सोलापूरपासून जवळच असलेल्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी त्याची बाग केली. हा प्रदेश वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा. गावाचा माळ माळढोक पक्ष्यासाठी प्रसिद्ध, आणि त्याचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. अशा ठिकाणी नानासाहेबांनी थॉमसनमधून लांबट मण्यांचे वाण निवडून वाढविले. त्याचे नाव सोनाका : सोलापूरचा ‘सो’, नान्नजचा ‘ना’ आणि काळे यांचा ‘का’. पुढे किशमिश चोर्नी या काळ्या वाणातून त्यांनी ‘शरद’ निवडले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रय काळे यांनी तीच परंपरा चालवून ‘किंग बेरी’ हे वाण दिले. प्रयोगशाळेची मोठी साधने नसता, वेलीवरची एक निराळी फांदी ओळखणारी दृष्टी हेच या घराण्याचे भांडवल होते.

अशा घरच्या बागेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मार्चमध्ये फळ उतरले की वेलीस थोडी विश्रांती देऊन खरड छाटणी करतात. जुन्या काड्या एक-दोन डोळ्यांपर्यंत आखूड होतात आणि बाग उघडीबोडकी दिसू लागते. अनभिज्ञ माणसास तो नाश वाटेल. परंतु नंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत, भर उन्हाळ्यात, पुढील वर्षाचा घड सूक्ष्मरूपाने तयार होत असतो. त्या दिवसांत पाण्याची ओढ बसली तर नुकसान कळते थेट दिवाळीच्या तोंडावर. ठिबक सिंचन आणि डॉगरिज या टेक्सासकडील जंगली वेलीच्या खुंटावर केलेले कलम, यांमुळे पाण्याच्या टंचाईशी व खारट जमिनीशी झुंज देणे शक्य झाले.

पावसाळ्यात काडी पिकते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि घरातील सर्वांची झोप उडते. कोंब फुटून घड बाहेर पडतो तोच परतीचा पाऊस आला, तर केवडा रोग फुलोऱ्यावर पडतो. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण हा त्यावरील जुना उपाय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील बोर्दो परगण्यात तो सापडला म्हणून हे नाव. थंडीत भुरीची भीती असते. पुढे मण्यांची विरळणी येते. हे काम बहुधा स्त्रियांच्या हातचे. दाट घडातील नेमके मणी कात्रीने काढावे लागतात. अखेरीस मण्यांत पाणी उतरते, गोडी भरते आणि छाटणीपासून चार महिन्यांच्या आत-बाहेर काढणी होते. या टप्प्यावर एका रात्रीची गारपीट वर्षभराचे श्रम व डोक्यावरचे कर्ज, दोन्ही एकाच वेळी समोर उभे करते.

बाजारभाव पडला तर बेदाणा हा आधार असतो. द्राक्षे द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांवर सुकवितात. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. दुसरी वाट वाइनची. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत ती दीर्घकाळ अडचणीची होती. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखल्यावर ती रुंदावली. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ २००७ च्या सुमारास इटलीतील, दिल्लीतील व अकलूजच्या अशा तीन कुटुंबांतील भावांनी मिळून द्राक्षमळा व वाइनचा कारखाना उभारला. त्यास ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत ‘भाऊ’ हेच नाव दिले. तांबड्या वाइनचा रस सालीसह आंबवितात, पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच वेगळी करतात. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. पेयाविषयी आपल्या वडीलधाऱ्यांचे मत सर्वश्रुत आहे आणि आम्हीही त्याच मताचे आहोत. तथापि शेतमालास गावाजवळच मोल मिळवून देण्याची विद्या नाकारण्याचे कारण नाही.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत आज शेती, दुकान वा लहान धंदा वाटण्यांनी तुकडे तुकडे होत आहे. एप्रिलमध्ये छाटलेल्या काडीचे फळ मार्चमध्ये मिळते. निवडलेल्या वाणाचे तर एक पिढी लोटल्यावर. एवढी वाट पाहण्यास एकमेकांवर विश्वास ठेवणारी भावंडे लागतात. ज्या घरांत मुलांपुढे वाटणीचा प्रश्न आजच उभा आहे, त्यांनी कागद करण्यापूर्वी एकदा नान्नजच्या माळावर जाऊन यावे, एवढीच आमची विनंती आहे.